मूळ भारतात, रेणू परदेशात

जैवविविधता कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. पाठोपाठ २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार स्वीकारला. दोन्ही घटनांची चर्चा मुख्यतः हक्क, परवाने आणि लाभवाटप याच भाषेत झाली. ती आवश्यकच होती. मात्र तिच्यात एक प्रश्न मागे राहिला. औषधी मुळातील गुणकारी रेणू वेगळा करणे, त्याची रचना उलगडणे आणि तो किंवा त्याचे सुधारित रूप प्रयोगशाळेत घडविणे, या साखळीत भारत कोठवर जातो आणि कोठे थांबतो? वाटण्याजोगा लाभ आधी निर्माण व्हावा लागतो, आणि त्याचा मोठा भाग साखळीच्या शेवटच्या कड्यांत निर्माण होतो. गेल्या शतकातील तीन वनस्पतींचा इतिहास पाहिला तर भारताची पीछेहाट बहुतेक वेळा तेथेच झालेली दिसते.

पहिली वनस्पती सर्पगंधा. आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही परंपरांना तिचे मूळ परिचित होते आणि बिहारच्या ग्रामीण भागात ते ‘पागल की दवा’ या नावाने विकले जाई. आधुनिक रसायनशास्त्राच्या चौकटीत तिचा अभ्यास १९३१ मध्ये एकाच वेळी दोन शहरांत पुढे आला. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवर या मुळाचा उपयोग होत असल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. दोन वर्षांनी रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा औषधशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे खऱ्या अर्थाने वळले. या कार्यासाठी वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

या साऱ्या प्रवासात एक कोडे मात्र सुटलेले नव्हते. दिल्लीत वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप अल्कलॉइडांपैकी कोणत्याही एकाने मुळाच्या शामक गुणाचा उलगडा होत नव्हता. १९४४ मध्ये भारतीय संशोधकांनीच दाखवून दिले की, झोप आणणारा परिणाम मुळाच्या राळेसारख्या, स्फटिक न बनणाऱ्या अंशात आहे. सोडवणुकीचा धागा हाती आला होता. तो शेवटपर्यंत नेला गेला तो स्वित्झर्लंडमधील बाझल येथे. सिबा कंपनीचे म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये नेमक्या त्याच राळेतून ‘रेसर्पिन’ हा शुद्ध रेणू वेगळा केला. ‘सर्पासिल’ या नावाने तो बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत रक्तदाबावरील औषधोपचारात व मनोरुग्णालयांत जगभर पोहोचला. अमेरिकेत रॉकलंड राज्य मनोरुग्णालयातील नेथन क्लाइन यांचे प्रयोग याच मालिकेतले.

भारतीयांनी शोधले आणि परकीयांनी पळविले, अशी या इतिहासाची सोपी मांडणी अनेकदा केली जाते. ती अर्धसत्य आहे. बाझलच्या प्रयोगशाळेकडे मुळाविषयीचे अधिक ज्ञान नव्हते; होती ती पद्धत आणि ती चालविण्यासाठी लागणारा पैसा. मुळाची भुकटी विद्रावकात भिजवून अर्क काढणे हे पहिले आणि तुलनेने सोपे काम. त्या अर्कात शेकडो संयुगे असतात. अल्कलॉइड आम्लारिधर्मी असल्याने ती आम्लयुक्त पाण्यात उतरतात आणि द्रावण पुन्हा अल्कलीयुक्त केले की कार्बनी विद्रावकात परततात. या ये-जा करण्याने बराचसा केरकचरा मागे राहतो. त्यापुढे क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून अर्काचे अंश पाडायचे, प्रत्येक अंश प्राण्यांवर किंवा पेशींवर तपासायचा, ज्यात गुण आढळेल तो पुन्हा विभागायचा, आणि एकच शुद्ध पदार्थ उरेपर्यंत हे करीत राहायचे. यात रसायनशास्त्रज्ञ आणि औषधशास्त्रज्ञ यांना रोज एकमेकांशेजारी काम करावे लागते. रेसर्पिन दुर्बळ आम्लारिधर्मी असल्याने नेहमीच्या पद्धतीत ते निसटून राळेत राहत होते. गुणाचा माग सोडला नाही म्हणून ते सापडले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारतात ही दोन शास्त्रे वेगवेगळ्या इमारतींत, बहुधा वेगवेगळ्या शहरांत नांदत होती.

मुळातील प्रमाणही लक्षात घेण्याजोगे आहे. सर्पगंधेच्या कोरड्या मुळात सर्व अल्कलॉइड मिळून साधारण एक ते दोन टक्के, आणि रेसर्पिन त्याच्या सुमारे दशांश. म्हणजे एक किलो कोरड्या मुळातून उत्तम स्थितीत एखादा ग्रॅम हाती येतो. रक्तदाबासाठी रोजची मात्रा पाव मिलिग्रॅम धरली तर एका ग्रॅममध्ये चार हजार मात्रा होतात. हे गणित औषध कंपनीला परवडणारे, परंतु झाडाला न परवडणारे होते. कारण पान किंवा फळ तोडले तर झाड उरते, मूळ उपटले की उरत नाही. शिवाय सर्पगंधेचे मूळ भरायला दीड ते तीन वर्षे लागतात. मागणी वाढताच हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत तिची बेसुमार खोदाई झाली. भारताने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा उद्योगाने आफ्रिकेतील तिच्याच कुळातील दुसरी जात शोधली आणि काँगोच्या खोऱ्यातून मुळे येऊ लागली. १९९० पासून सर्पगंधा संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि जंगलातून गोळा केलेल्या मुळांच्या निर्यातीला भारतात मनाई आहे.

रेणू प्रयोगशाळेत घडविला तर खोदाई थांबेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रेसर्पिनचे संपूर्ण संश्लेषण जाहीर केले. रेसर्पिनच्या पाच कड्यांच्या सांगाड्यात कार्बनची सहा असममित केंद्रे आहेत. त्यांच्या मांडणीतून ६४ त्रिमितीय रूपे संभवतात आणि त्यांपैकी फक्त एक हवे असते. वुडवर्ड यांनी पहिल्याच टप्प्यांत एका कड्यात पाच केंद्रे योग्य दिशेने बसवून हा पेच सोडविला आणि कार्बनी रसायनशास्त्राच्या इतिहासात हे संश्लेषण एक मानदंड ठरले. असे असूनही मुळांची मागणी त्यामुळे संपली नाही. कागदावर सुंदर असलेले संश्लेषण कारखान्यात महाग पडते आणि झाड तोच रेणू सूर्यप्रकाशावर फुकट बनविते. मुळांवरील ताण पुढे कमी झाला तो मुख्यतः रेसर्पिनच मागे पडल्यामुळे. जास्त मात्रेत ते नैराश्य आणते असे आढळले आणि रक्तदाबावर अधिक सुसह्य औषधे उपलब्ध झाली. तथापि विज्ञानाला त्याने दिलेले दान मोठे आहे. रेसर्पिन दिल्यावर निश्चल झालेले ससे एल-डोपाने पुन्हा हालचाल करू लागतात, हे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. डोपामिनचे कार्य आणि पार्किन्सनच्या आजारावरील उपचार यांचा पाया तेथे घातला गेला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दिल्लीत नामकरण झालेले अजमलिन आजही हृदयाच्या ठोक्यांतील एका आनुवंशिक दोषाच्या निदानासाठी वापरले जाते. ही गोष्ट भारतात फारशी कुणाला ठाऊक नसते.

संपूर्ण मूळ श्रेष्ठ की एकटा रेणू, हा वाद सर्पगंधेपासूनच सुरू आहे. संपूर्ण मुळात इतर अल्कलॉइड असल्याने परिणाम सौम्य होतो, असे वैद्यांचे म्हणणे. मुळागणिक मात्रा बदलते, हा डॉक्टरांचा आक्षेप. दुसरा आक्षेप प्रयोगशाळेत सिद्ध करता येतो आणि पहिले म्हणणेही चाचण्यांतून तपासता येते. तशा चाचण्या व्हाव्यात एवढा काटेकोरपणा दोन्ही बाजूंनी क्वचितच दाखविला आहे.

दुसरी वनस्पती सह्याद्रीतील नरक्या. तिच्या कथेत मराठी वाचकांच्या परिचयाची दोन गावे आहेत. नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हा कर्करोगविरोधी रेणू वेगळा केला. पुढे टॅक्सॉलची रचनाही याच जोडीच्या प्रयोगशाळेत उलगडली. सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तोच रेणू पश्चिम घाटातील नरक्यात आढळला. शिवाय चिनी वृक्षाच्या तुलनेत येथे त्याचे प्रमाण अधिक होते. कॅम्प्टोथेसिन जसेच्या तसे औषध म्हणून चालले नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि त्याच्या क्षाराची विषारीता रुग्णांना सोसवली नाही. त्याच्या रचनेत फेरफार करून दोन औषधे बनली. इरिनोटेकान जपानमध्ये विकसित झाले, टोपोटेकान एका ब्रिटिश-अमेरिकी कंपनीत; दोन्हींना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्हींचा कच्चा माल मात्र वनस्पतीतूनच येतो. परिणामी सह्याद्रीच्या जंगलात नरक्याची झाडे बुंध्यासकट, अनेक ठिकाणी मुळांसकट, चोरून तोडली गेली. पोत्यांत भरलेल्या चिपांना जंगलात मिळणारा भाव आणि शुद्ध औषधाची रुग्णालयातील किंमत यांच्यामधले अंतर म्हणजेच या लेखाचा विषय आहे.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यात शोधही भारतातच लागला. माईनमूळ, गुजरातेत गरमर, ही लोणच्यासाठी लावली जाणारी कोलिअस कुळातील वनस्पती. मुंबईतील मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने सत्तरच्या दशकात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर चाळणी केली, तेव्हा हिच्या मुळांच्या अर्काने रक्तदाब उतरतो आणि हृदयाचे आकुंचन जोमदार होते असे आढळले. १९७७ मध्ये त्या रेणूची रचना प्रसिद्ध झाली आणि त्याला ‘फोर्स्कोलिन’ हे नाव मिळाले. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच मुळातून ‘कोलिओनॉल’ वेगळे केले. पुढे ते फोर्स्कोलिनच असल्याचे निष्पन्न झाले. एकाच देशातील एक खासगी आणि एक सरकारी प्रयोगशाळा एकाच मुळावर स्वतंत्रपणे काम करीत होत्या, याचा अभिमान बाळगावा की खेद, हे ज्याने त्याने ठरवावे. १९८१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखविले की, फोर्स्कोलिन पेशीतील अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देते. त्या दिवसापासून जगातील असंख्य जीवशास्त्रीय प्रयोगशाळांच्या शीतकपाटात फोर्स्कोलिनची कुपी असते.

फोर्स्कोलिनही पाण्यात विरघळत नव्हते. त्यावर उपाय शोधला तो निप्पॉन कायाकू या जपानी कंपनीने. मुळातून काढलेल्या रेणूवर एक छोटी शाखा जोडून तिने कोलफॉर्सिन डॅरोपेट बनविले आणि १९९९ मध्ये तीव्र हृदयविकारात शिरेवाटे देण्यासाठी त्याला जपानमध्ये मान्यता मिळाली. मूळ भारताचे, गुणाचा शोध मुलुंडचा, लागवड तमिळनाडू व कर्नाटकातली, आणि औषध जपानचे. हेक्स्टचे मुलुंड केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल समूहाकडे गेले. भारतात नैसर्गिक रेणूंचा शोध घेणारी बहुराष्ट्रीय कंपन्यांची केंद्रे एकेक करून बंद झाली किंवा वळली. त्यांची जागा भरून काढील असे सार्वजनिक बळ उभे राहिले नाही.

हा शेवटचा फेरफार एवढा निर्णायक का ठरतो, हे पेटंट कायद्यातून समजते. भारतीय पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचा केवळ शोध हे पेटंटयोग्य नवसंशोधन नाही. अमेरिकेतही जनुकांविषयीच्या २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पेटंट कार्यालयाने हीच दृष्टी नैसर्गिक पदार्थांपर्यंत नेली. म्हणजे मुळात जसा आहे तसा रेणू कोणाचाच नाही. त्यात माणसाने केलेला अर्थपूर्ण बदल मात्र बदल करणाऱ्याचा आहे. पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाने भारताला मोठे संरक्षण दिले आहे आणि हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेणे हा त्याआधीचा रास्त विजय होता. परंतु ग्रंथालय दुसऱ्याचा खोटा दावा रोखते. नवा रेणू त्यातून जन्माला येत नाही. अर्धसंश्लेषणात, म्हणजे झाडाने बनविलेल्या रेणूवर पुढची कारागिरी करण्यात, भारताचे औषध उद्योगातील रसायनशास्त्र जगात कुणापेक्षा कमी नाही. जेनेरिक औषधांनी ते सिद्ध केले आहे. कमतरता आहे ती कोणते मूळ, कोणता गुण आणि कोणता बदल हे ठरविणाऱ्या संशोधनाची, आणि पंधरा वर्षे फळाची वाट पाहणाऱ्या गुंतवणुकीची.

प्रशासनाची रचना यात भर घालते. औषधी वनस्पती मंडळ आयुष मंत्रालयाकडे, औद्योगिक संशोधनाच्या प्रयोगशाळा विज्ञान मंत्रालयाकडे, औषध उद्योग रसायने व खते मंत्रालयाकडे आणि जैवविविधता प्राधिकरण पर्यावरण मंत्रालयाकडे आहे. एका मुळाच्या चार संचिका चार मंत्रालयांत फिरतात.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या दुरुस्तीकडे पाहावे लागते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसी प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप बंधनकारक असल्याचा निर्णय दिला होता. दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पती व त्यांची उत्पादने, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष वैद्य यांना या बंधनातून सूट दिली, तसेच तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी एक लाख ते पन्नास लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली. लागवडीला प्रोत्साहन हा हेतू योग्यच आहे. जंगलातील मुळे वाचविण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. अडचण तपासणीची आहे. वाळवून तुकडे केलेले सर्पगंधेचे मूळ शेतातील की वनातील, हे नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी कायद्याने स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मूळस्थान प्रमाणपत्र मागितले आहे. अनेक ग्रामपंचायतींत या समित्या कागदावरच आहेत. प्रमाणपत्र देणारी यंत्रणा दुबळी राहिली तर जंगलातील माल शेताच्या नावाने विकला जाण्याचा धोका आहे, आणि त्याचा फटका प्रामाणिकपणे दोन वर्षे पीक सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाच बसेल.

त्यातच रसायनशास्त्राने पुढचे पाऊल टाकले आहे. फोर्स्कोलिनचे संपूर्ण संश्लेषण १९८७-८८ मध्येच तीन गटांनी साधले होते. त्यांपैकी एक गट हार्वर्डच्या ई. जे. कोरी यांचा. तरी बाजारातील माल मुळांतूनच येत राहिला. २०१७ मध्ये मात्र कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी माईनमुळाच्या सालीतील पेशींत हा रेणू कोणत्या विकरांनी घडतो ते शोधले आणि ती जनुके यीस्टमध्ये बसवून फोर्स्कोलिन बनविले. ही पद्धत कारखान्यात परवडली तर मुळे उपटण्याची गरज उरणार नाही. जंगलाच्या दृष्टीने ही सुवार्ता आहे. सेलम परिसरात माईनमुळाचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती तशी नाही. वजन घटविण्याच्या गोळ्यांमुळे, ज्यांच्या परिणामाचा पुरावा तसा तोकडाच आहे, आधीच लहरी असलेली त्याची मागणी एका टाकीतील किण्वनाने आटू शकते. मलेरियावरील आर्टेमिसिनिनच्या बाबतीत याची झलक दिसली आहे. एका फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये यीस्टच्या साहाय्याने त्याचे उत्पादन सुरू केले. पण शेतातील माल स्वस्त राहिल्याने काही वर्षांतच तो कारखाना विकला गेला. त्या वेळी शेतकरी टिकला तो बाजारभावाच्या जोरावर, धोरणाच्या नव्हे.

यीस्टमधील रेणूसाठी वनस्पती लागत नाही, तिच्या जनुकांचा क्रम पुरतो. तो क्रम खुल्या माहितीसाठ्यातून कोणीही उतरवून घेऊ शकतो. कोणत्याही बंदरावर मूळ तपासले जात नाही आणि कोणत्याही समितीकडे प्रमाणपत्र मागितले जात नाही. जैवविविधता करारातील देशांनी या डिजिटल जनुकीय माहितीच्या वापरातून लाभवाटप व्हावे म्हणून ‘काली निधी’ स्थापण्याचे ठरविले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रोम येथे तो कार्यान्वित झाला. अशी माहिती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का त्यात द्यावा, अशी अपेक्षा आहे. हे योगदान ऐच्छिक आहे.